भिंतीवरचे बटण आणि पट्टीचा उजेड

गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका मित्राने वर्ध्याच्या घरात पीओपी करून घेतले आणि छताच्या कडेने एलईडीची पट्टी फिरविली. मुलगा हौशी. मोबाईलवर बोट फिरविले की निळा, पिवळा, पांढरा, पाहिजे तो उजेड. आम्हीही जाऊन पाहिले, चहा घेतला, तोंडभर कौतुक केले. आठ दिवसांनी मित्र भेटला तो तोंड पाडूनच. मुलगा दुसऱ्या पाळीला गेला होता, मोबाईल त्याच्या खिशात. जाताना त्याने पट्टी मोबाईलवरूनच बंद केली होती. घरात म्हातारी आई एकटी. सांज झाली तसे तिने भिंतीवरचे बटण दाबले, पुन्हा दाबले; पट्टी काही पेटली नाही. जुनी ट्यूब तर पीओपीच्या वेळीच काढून टाकलेली. लेक घरी येईस्तोवर माउली अंधारात बसून राहिली. "माहा हात भितीवर जाते बापा, मोबाईलवर नाही," एवढेच ती म्हणाली.

आम्ही कारकून माणूस, तारतंत्री नव्हे. परंतु आमच्या ओळखीचा एक मुलगा आयटीआयमधून तारतंत्रीचा कोर्स करून परवाना घेतलेला आहे. त्याला घेऊन गेलो आणि दिवसभर शिडी धरून उभे राहिलो. त्या दिवशी जे समजले ते येथे सांगतो, कारण आता वस्तीवस्तीत या पट्ट्या लागत आहेत.

ही पट्टी घरच्या २३० व्होल्टवर चालत नाही. तिला १२ किंवा २४ व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो आणि तो अडॅप्टर पुरवितो. मित्राच्या मुलाने येथेच चूक केली होती. त्याची पट्टी मीटरला १४.४ वॅट खाणारी. पाच मीटरचे झाले ७२ वॅट. त्याला १२ ने भागले की ६ अँपिअर. अडॅप्टर मात्र घरात पडलेला जुना, २ अँपिअरचा! तो इतका तापला होता की हात लावता येईना. प्लास्टिक नरम पडलेले. पट्टी जेवढे वॅट खाते त्याच्या सव्वापट ताकदीचा अडॅप्टर घ्यावा, म्हणजे येथे शंभर वॅटच्या आसपासचा. त्यावर आयएसआय खात्याचा, म्हणजे बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे काय ते पाहावे. तो आर या अक्षराने सुरू होतो. आणि हा डबा पीओपीच्या आत कोंडू नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, छताखाली त्याहून अधिक. मोकळ्या हवेत, हात पोहोचेल अशा जागी ठेवावा.

पाच मीटरच्या पट्टीला पुढे दुसरी पट्टी शेपटासारखी जोडली तर टोकाकडचा उजेड मंदावतो, कारण पट्टीतील तांबे पातळ असते. दुसऱ्या पट्टीला अडॅप्टरपासून वेगळी तार न्यावी. कापायची झाल्यास खूण असते तेथेच कापावी.

आता बटणाचे. भिंतीवरचे बटण अडॅप्टरच्या आधी, २३० व्होल्टच्या बाजूला यावे आणि ते फेज तोडणारे असावे. न्यूट्रल तोडले तर बटण बंद असूनही आत करंट राहतो. टेस्टरने पाहून घ्यावे, मेन स्विच बंद करून मगच हात घालावा. पंख्याचा रेग्युलेटर या अडॅप्टरला कधीही लावू नये.

परंतु मोबाईलची हौस असली तर अडचण अशी की बटण बंद केले म्हणजे कंट्रोलरचीही वीज गेली; मग मोबाईलने किती बोलावले तरी तो ऐकणार कसा? आणि बटण लावले तरी तो मागचा हुकूम धरून बसतो. याला उपाय म्हणजे बोर्डाच्या मागे बसणारा लहान रिले मॉड्यूल. त्याला फेज आणि न्यूट्रल कायम मिळतात. भिंतीवरचे बटण त्याला केवळ इशारा देते, मोबाईलही इशारा देतो. दोघांपैकी कोणीही पट्टी लावावी वा विझवावी. इंटरनेट गेले तरी बटण चालते. आपल्या बोर्डात बहुधा प्लगचे सॉकेट असते, त्यामुळे न्यूट्रल तेथे सापडतो. एकट्या बटणाच्या डबीत मात्र तो नसतो, नवीन तार ओढावी लागते. रंगीत पट्टीचा कंट्रोलर त्या मॉड्यूलच्या पुढे राहतो, म्हणून वीज मिळताच पेटून उठण्याची सोय त्यात असली पाहिजे, हे दुकानातच विचारावे. मॉड्यूलचे उलटे: लाईन गेली आणि रात्री दोनला आली तर पट्टी लख्ख पेटून सारे घर जागे होते. म्हणून त्याला मागची स्थिती धरायला लावावे.

बिलाची भीती फार नको. ३० वॅटची पट्टी रोज चार तास जाळली तर महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी १९४३ मध्ये स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला होता. आज हप्त्याने फोन घेणाऱ्या घरातही ही रोषणाई परवडते, ती दिव्याच्या या नव्या जातीमुळे. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चे नोबेल मिळाले. त्याच निळ्यावर लेप देऊन आपला पांढरा उजेड होतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची. १४ एप्रिलला विहारावर आणि घरांवर मीटरने मिळणाऱ्या, थेट २३० व्होल्टच्या पट्ट्या लागतात. तिचे कापलेले टोक टोपीविना टिनाला टेकले तर सबंध टीन करंट धरते, आणि खाली लेकरे खेळत असतात. टोक बंद करून घ्या आणि त्या लाईनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लावा. पताकांच्या खर्चापुढे तो जड नाही.

मित्राच्या घरी काम संपले तेव्हा सहा वाजले होते. म्हातारीने बटण पाच-सहा वेळा खालीवर करून पाहिले, मग मुलाला मोबाईलवरून विझवायला लावून पुन्हा स्वतः पेटविले. तरीही तिने कोपऱ्यात एक साधा बल्ब, वेगळ्या बटणावर, लावून घेतलाच. तारतंत्र्याने त्याचे पैसे घेतले नाहीत.