विश्वस्ताचा शब्द : ताईमहाराज प्रकरण आणि आपल्या घरातली वाटणी

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज कोर्टकचेरीत कुठे शिरला? पण अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या दिवाणी न्यायालयाच्या आवारात तासभर बसून पाहा. एका बाकावर भाऊ, दुसऱ्या बाकावर बहीण, आणि मधे फायली घेतलेला वकील. वाद चार एकर शेताचा दिसतो. खरा प्रश्न वेगळाच असतो : गेलेल्या माणसाला काय हवं होतं, आणि ते आता कोणाच्या तोंडून ऐकायचं? हा प्रश्न आमच्याच विषयातला आहे.

वारसा आणि ट्रस्ट यांचे दावे चालवणाऱ्या वकिलाचं काम या प्रश्नाभोवती फिरतं. मृत्युपत्र खरं आहे का, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत का, लिहिणारा तेव्हा शुद्धीवर होता का, कोणी दडपण आणलं का, हे त्याला तपासावं लागतं. ट्रस्टच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. विश्वस्ताच्या नावावर मालमत्ता असते, पण ती त्याची नसते. तो ती दुसऱ्यासाठी सांभाळतो, आणि तिच्यातून स्वतःचा फायदा काढू शकत नाही. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याचा गाभा एवढाच आहे. कल्पना मात्र जुनी आहे. मनूने वादाची जी अठरा पदं सांगितली, त्यांत कर्जानंतर दुसऱ्याच क्रमांकावर ‘निक्षेप’ येतो. निक्षेप म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव.

आता एक खरी गोष्ट पाहू. ती घडली पुण्यात, पण तिच्यातला एक माणूस आपला आहे : अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे. १८९७ च्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेस भरली, तिचे स्वागताध्यक्ष तेच होते. त्याच वर्षी ७ ऑगस्टला पुण्यात बाबामहाराज पंडित वारले. शेवटच्या घटकेला त्यांनी मृत्युपत्र केलं आणि ज्यांच्यावर इस्टेट सोपवली त्यांत लोकमान्य टिळक होते, खापर्डेही होते. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते.

मृत्युपत्राचा आशय असा : पत्नी ताईमहाराज गरोदर आहेत. मुलगा झाला नाही, किंवा होऊन गेला, तर विश्वस्तांच्या सल्ल्याने दत्तक घ्यावा, आणि तो सज्ञान होईपर्यंत विश्वस्तांनी कारभार पाहावा. मुलगा झाला, पण थोड्याच काळात गेला. इस्टेटीवर कर्ज होतं. विश्वस्तांनी खर्चाला कात्री लावली, आणि इथून कुरबुर वाढली. जून १९०१ मध्ये टिळक आणि खापर्डे ताईमहाराजांसह औरंगाबादला गेले. तिथे जगन्नाथ नावाच्या मुलाचं दत्तविधान झालं, असं त्यांचं म्हणणं. थोड्याच दिवसांत ताईमहाराजांनी ते नाकारलं आणि कोल्हापूरच्या बाळामहाराजांना दत्तक घेतलं. एक इस्टेट, दोन दत्तक!

पुढची चौदा वर्षं हा वाद चालला. १९०२ मध्ये जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी विश्वस्तांचं प्रोबेट रद्द केलं आणि टिळकांवर फौजदारी खटला लावून दिला. १९०३ मध्ये टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली आणि १९०४ च्या मार्चमध्ये हायकोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. दिवाणी दावा वेगळाच चालला होता. खालच्या कोर्टात टिळकांची बाजू जिंकली. १९१० मध्ये हायकोर्टाने तो निकाल फिरवला, तेव्हा टिळक मंडालेत होते. शेवटी १९१५ च्या मार्चमध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचं दत्तविधान खरं धरलं.

प्रिव्ही कौन्सिलने काय म्हटलं, ते नीट ऐका. हायकोर्टाने टिळक, खापर्डे आणि इतरांच्या साक्षी खोट्या ठरवल्या होत्या. पण ज्या कागदांवरून आणि ज्या विसंगतींवरून त्यांना खोटं ठरवलं, त्या साक्षीच्या वेळी त्यांच्यापुढे ठेवल्याच नव्हत्या, ‘याचं उत्तर काय?’ असं विचारलंच नव्हतं. लॉर्ड शॉ यांच्या निकालाचं सार असं : माणसाला खुलाशाची संधी न देता त्याला खोटारडा ठरवणं न्यायाचं नाही आणि कायद्याचंही नाही. साक्षीपुराव्याच्या कायद्यावर बोलताना वकील आजही या निकालाचा दाखला देतात.

आम्ही ही गोष्ट वर्गात सांगायचो, तेव्हा ती टिळकांच्या विजयाची म्हणून सांगायचो. आता वय झाल्यावर दुसरं माणूस डोळ्यांपुढे येतं. ताईमहाराज. लहान वयात विधवा झालेली मुलगी. एकीकडे पुण्याचे आणि अमरावतीचे नामांकित पुरुष, दुसरीकडे कोल्हापूरचा गोतावळा. दोन्हीकडचे म्हणत, हिचं खरं मन आम्हांला ठाऊक आहे. १९०३ मध्ये त्या वारल्या. शेवटचा निकाल लागला तो त्यानंतर साडेअकरा वर्षांनी. विश्वस्तांची नियत शुद्ध असेलही. पण दुसऱ्याचं हित सांभाळता सांभाळता त्याला विचारायचं राहून जातं, हा सांभाळणाऱ्याचा जुनाच दोष आहे.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. वडील गेले, सातबाऱ्यावर वारस लागले, आणि एका दुपारी दुय्यम निबंधक कार्यालयात बहिणीची हक्कसोडपत्रावर सही झाली. कागद कायद्याने पक्का होता. आम्ही कांटचं नीतिशास्त्र शिकवत होतो : माणसाला केवळ साधन समजू नका. आणि बहिणीला फक्त तारीख कळवली होती. पुष्कळ वर्षांनी ती सहज बोलली, “देलंच असतं रे मी. पन तुमी मले इचारलं कदी?” आमच्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही.

हिंदू वारसा कायद्यात २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने मुलाइतकाच हक्क मिळाला. वडील दुरुस्तीपूर्वी वारले असले तरी हा हक्क जात नाही, हे ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. तिने हक्क सोडला तर सोडला, पण तो आहे हे तिला आधी माहीत हवं. म्हणून चांगला वकील हक्कसोडपत्र करण्याआधी भावांना बाहेर बसवतो आणि बहिणीला एकटीला विचारतो, “ताई, यात काय लिहिलंय ते कळलं ना? मनाने करताय ना?” पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढची वीस वर्षांची तारीख त्यानेच वाचते.

तेव्हा घरी गेल्यावर दोन गोष्टी करा. हातपाय चालतात आणि डोकं शाबूत आहे तोवर मृत्युपत्र लिहा, आणि लिहिण्याआधी सगळ्यांना समोर बसवून बोला. भाऊ लबाड आहे, वहिनीने कान भरले, बहिणीचा जीव जमिनीत आहे, असे निकाल आपण घरात रोज देतो. ज्याच्याविषयी देतो, तो तिथे नसतो. प्रिव्ही कौन्सिलने हायकोर्टाला जे सुनावलं, ते आपल्या ओसरीलाही लागू आहे : आधी समोर विचारा.

प्रश्न असतील तर आता घेऊ.