सुईत दोरा जाईना?

शिवणटिपण, भरतकाम, विणकाम यांविषयी आरोग्याच्या सदरात लिहिण्यासारखे काय आहे, असे काही वाचकांना वाटेल. परंतु दवाखान्यात बसणाऱ्याला या कामांचा दररोज संबंध येतो. लग्नसराईच्या तोंडावर रुखवताची तोरणे, मण्यांची आसने आणि क्रोशाचे रुमाल सुरू झाले, की मान आखडलेल्या आणि हाताला मुंग्या आलेल्या भगिनींची संख्या वाढते. घरात बाळ येणार म्हटले, की झबली, टोपरी, दुपटी शिवायला बसलेल्या आजीबाई डोळे चुरचुरतात म्हणून येतात.

याहून मोठा वर्ग आहे तो शिवण सोडून दिलेल्यांचा. पन्नाशीच्या एखाद्या बाईंना सहज विचारावे, "हल्ली शिवत नाही का?" तर उत्तर ठरलेले असते. "नाही हो डॉक्टर, आता वय झालं. सुईत दोरासुद्धा जात नाही." मशीनवर कपड्यांच्या घड्यांचा ढीग साठतो आणि एक दिवस ते भंगारात जाते. या सबबीचे मला नेहमी नवल वाटते. काम सोडायला लावणाऱ्या या तक्रारींपैकी बहुतेकांवर साधा उपाय असतो. ज्यांवर नसतो, त्या एखाद्या आजाराची पहिली खूण असू शकतात. दोन्ही बाबतींत 'वय झालं' म्हणून गप्प बसणे तोट्याचेच.

डोळ्यांपासून सुरुवात करू. आपल्या डोळ्यात एक लवचिक भिंग असते. जवळचे पाहताना ते फुगते, लांबचे पाहताना चपटे होते. वयाबरोबर त्याची लवचिकता कमी होत जाते आणि चाळिशीच्या सुमारास जवळचे पाहण्यास ते अपुरे पडू लागते. म्हणून तर या चष्म्यालाच आपल्याकडे 'चाळिशी' असे नाव पडले. सुईचे नेढे दिसावे म्हणून हात लांब लांब जाऊ लागला, की चाळिशी आली समजावे. साठीपर्यंत हा नंबर हळूहळू वाढतच असतो. चष्मा लावल्यामुळे नंबर वाढतो हा समज चुकीचा आहे. न लावल्याने तो थांबत नाही, फक्त डोके दुखते आणि टाके वाकडे पडतात.

बाजारात मिळणारे तयार चष्मे वापरावेत का, असे पुष्कळ जण विचारतात. त्यांनी डोळे बिघडत नाहीत. परंतु त्यांत दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो आणि आपले डोळे बहुधा तसे नसतात. शिवाय तपासणी टळते, हा मोठा तोटा. चाळिशीच्या निमित्ताने डोळ्यांतील दाब आणि पडदा तपासला जातो, आणि काचबिंदू असल्यास तो तेव्हाच सापडतो. काचबिंदू फार काळ काहीच त्रास देत नाही, आणि त्याने गेलेली नजर परत येत नाही.

चष्म्याचा नंबर काढायला जाताना आपले भरतकाम बरोबर न्यावे. वर्तमानपत्र आपण साधारण ४० सेंटिमीटरवर धरतो, बारीक कशिदा मात्र त्याहून बराच जवळ येतो, आणि मशीनची सुई थोडी लांब असते. आपण काम कोणत्या अंतरावर धरतो हे करून दाखवले, की त्याप्रमाणे नंबर देता येतो. दुहेरी भिंगाचा चष्मा असलेल्यांची वेगळीच अडचण होते. जवळचा नंबर खालच्या भागात असल्याने मशीनची सुई पाहण्यासाठी त्यांना हनुवटी वर करून बसावे लागते. तासाभराने मान धरते आणि बाई मानेचा एक्स-रे काढायला निघतात. शिवणासाठी फक्त जवळच्या नंबरचा वेगळा चष्मा केला, तर एक्स-रेचे पैसे वाचतात.

दुसरी गोष्ट उजेडाची. साठीच्या माणसाच्या डोळ्यातील पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोचतो. बाहुली लहान झालेली असते आणि भिंग पिवळसर झालेले असते. त्यामुळे सुनेला पुरणारा ट्यूबलाइट सासूबाईंना पुरत नाही, यात कुणाची तक्रारखोरी नाही. खिडकीजवळ, दिवसा बसावे. रात्री बसायचेच तर टेबलावरचा दिवा कामावर घ्यावा. उजव्या हाताने शिवणाऱ्याने तो डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. काळ्या कापडावर काळा दोरा असेल तर ते काम सकाळसाठी राखून ठेवावे. सुई ओवताना नेढ्यामागे पांढरा कागद धरावा आणि दोरा तिरपा कापावा. दोरा ओवून देणारी तारेची छोटी चकती शिवणसामानाच्या दुकानात मिळते, ती वापरण्यात कमीपणा नाही.

आता तीन खुणा नीट लक्षात ठेवाव्यात. पहिली, साठीनंतर एकाएकी चष्म्याशिवाय सुई ओवता येऊ लागणे. आजीबाई हे मोठ्या कौतुकाने सांगतात आणि घरचेही खूश होतात. पुष्कळदा हे मोतीबिंदूचे लक्षण असते. मोतीबिंदू पिकताना भिंग घट्ट होते आणि काही काळ जवळचे स्पष्ट दिसू लागते. लांबचे मात्र धूसर होते, इकडे लक्ष जात नाही. लहानपणापासून लांबच्या नजरेचा चष्मा असणाऱ्यांना चाळिशीशिवाय जवळचे दिसते, ती गोष्ट वेगळी.

दुसरी खूण, आठवडा-दोन आठवड्यांत नंबर बदलल्यासारखे वाटणे. अशा वेळी आधी रक्तातील साखर तपासावी. साखर वाढली की डोळ्यातील भिंगावर परिणाम होऊन नंबर हलतो. मधुमेह नुकताच सापडलेल्यांनी साखर आटोक्यात येऊन काही आठवडे स्थिर राहीपर्यंत नवा चष्मा करू नये, नाहीतर तो निरुपयोगी ठरतो. मधुमेह असणाऱ्यांनी दर वर्षी पडद्याची तपासणी करावी, दिसण्यात काही फरक नसला तरी.

तिसरी खूण सर्वांत तातडीची. मशीनची सरळ टीप एका डोळ्याने पाहताना मध्येच वाकडी, लाटेसारखी दिसू लागली, तर तो पडद्याच्या मध्यभागाचा आजार असू शकतो. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा ही उणीव झाकून टाकतो. म्हणून अधूनमधून एक डोळा झाकून टिपेकडे किंवा चौकड्याच्या कापडाकडे पाहावे. रेघ वाकडी दिसली तर पुढच्या महिन्यातील शिबिराची वाट न पाहता दोन-चार दिवसांत नेत्रतज्ज्ञांकडे जावे. यातील एका प्रकारात डोळ्यात इंजेक्शने देऊन नजर वाचवता येते, पण ती वेळेवर मिळाली तर.

डोळ्यांची चुरचुर बहुधा साधी असते. बारीक कामात आपण पापण्या मिटायचे विसरतो. दर २० मिनिटांनी मान वर करून अंगणातील झाडाकडे पाहावे, चार-सहा वेळा पापण्या मिटाव्यात. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये.

हातांच्या तक्रारींत रात्रीच्या मुंग्या पहिल्या. बाई सांगतात, मध्यरात्री हात बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते. घरातील मंडळी 'रक्त पोचत नाही' किंवा 'वात आहे' असे निदान करतात आणि शक्तीची इंजेक्शने सुरू होतात. मनगटात हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटांचे स्नायुबंध आणि एक महत्त्वाची मज्जातंतूची नस जाते. बोगद्यात सूज आली की नस दाबली जाते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग एवढ्यातच मुंग्या येतात, करंगळी सुटते. ही खूण इतकी नेमकी आहे, की रुग्णाने बोटे नीट सांगितली तर निम्मे निदान तिथेच होते.

याचा दोष एकट्या शिवणावर टाकू नये. वाकलेले मनगट आणि चिमटीतील घट्ट पकड यांनी त्रास वाढतो हे खरे. पण मूळ कारण थायरॉइडची कमतरता, मधुमेह, संधिवात किंवा गरोदरपण असू शकते. म्हणून मुंग्यांच्या रुग्णाला मी साखरेबरोबर थायरॉइडची तपासणीही सांगतो. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा काही आठवडे बांधल्यास बऱ्याच जणींना आराम पडतो. परंतु सुई बोटांतून निसटू लागली, बटण लावताना चाचपडावे लागले, किंवा अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, तर वेळ दवडू नये. नस फार काळ दबलेली राहिली तर तो उंचवटा पुन्हा भरून येईलच असे नाही. शस्त्रक्रिया लहान असते, हात तेवढा बधिर करून करतात. 'हाताला ऑपरेशन' या शब्दाला घाबरून ती दोन-दोन वर्षे पुढे ढकलणाऱ्या बायकांना मी हाच उंचवटा दाखवतो.

दुसरी तक्रार बोट अडकण्याची. सकाळी बोट वाकलेलेच राहते आणि उघडताना 'कट्' असा आवाज होतो. मधुमेहात हे अधिक आढळते. विश्रांती, पट्टी, गरज पडल्यास एखादे इंजेक्शन यांनी ते सुटते. सकाळी हाताची बोटे अर्ध्या तासाहून अधिक वेळ ताठर राहत असतील आणि सांधे सुजत असतील, तर तो वेगळा संधिवात असू शकतो आणि त्याची औषधे लवकर सुरू झालेली बरी. अंगठ्याच्या बुडाचे दुखणे मात्र कित्येकदा बोथट कात्रीने होते. गल्लीत धार लावणारा आला, की सुरीबरोबर कात्रीही द्यावी. गोधडीच्या चार पदरांतून सुई ओढताना फुटलेल्या फुग्याचा रबरी तुकडा चिमटीत धरला, तर निम्मा जोर पुरतो.

गोधडी निघाली म्हणून मानेचे सांगतो. माणसाचे डोके सुमारे पाच किलोचे असते आणि ते पुढे वाकवून धरले की मानेच्या स्नायूंवर त्याच्या कितीतरी पट ताण येतो. पाठ भिंतीला टेकवावी, मांडीवर उशी घेऊन काम डोळ्यांकडे वर आणावे. मशीनवर सुईच्या अगदी समोर बसावे, खुर्चीची उंची कोपरे टेबलाच्या पातळीला येतील अशी असावी. अर्ध्या तासाने उठायचे लक्षात राहत नसेल, तर गॅसवर डाळीचा कुकर लावून बसावे.

एवढी उस्तवार करून शिवत का राहावे, असे कुणी म्हणेल. विकत सर्व मिळते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत निरनिराळ्या देशांतील साडेतीन हजारांवर विणकाम करणाऱ्यांना प्रश्न विचारले होते. जे वारंवार विणत होते, त्यांनी मन शांत आणि आनंदी राहते असे अधिक प्रमाणात सांगितले. मुळात विणकामाची आवड असणाऱ्यांनाच विचारलेले असल्याने हा पुरावा मी फार ताणणार नाही. विणकामाने नैराश्य बरे होते असे म्हणून कुणी गोळ्या बंद करू नयेत. पण झोप लागत नाही म्हणून येणाऱ्या, मुले परगावी गेलेल्या, दिवस खायला उठतो म्हणणाऱ्या कित्येक बायकांना खोदून विचारले, की पूर्वी हाताला काहीतरी काम होते आणि ते दोन-तीन वर्षांपूर्वी सुटले, असे निघते. अशा वेळी झोपेच्या गोळीआधी मी चष्म्याचा नंबर विचारतो. पुरुषांनाही हे लागू आहे. निवृत्तीनंतर बायकोच्या साड्यांना फॉल लावून देणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत आणि त्यांचा टाका बाईंपेक्षा सुबक आहे.

राहता राहिल्या सुया. टाचण्या ओठांत धरण्याची सवय सोडावी. खोकला किंवा हसू आले की टाचणी श्वासनलिकेत जाऊ शकते. मशीनची सुई बोटात घुसून तुटली, तर घरी कोरून काढू नये. तुकडा आत आहे की नाही हे एक्स-रेमध्येच कळते, म्हणून सुईचा उरलेला भाग दवाखान्यात बरोबर आणावा. धनुर्वात सुईच्या गंजाने होत नाही, जखमेत शिरलेल्या मातीतील जंतूंनी होतो, आणि चकचकीत सुईही जमिनीवर पडलेली असू शकते. आता धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींची मिळून 'टीडी' लस मिळते. शेवटचा डोस होऊन दहा वर्षे झाली असतील, किंवा जखम मळकी असून पाच वर्षे झाली असतील, तर ती घ्यावी.

घरात मधुमेही व्यक्ती असेल तर अधिक जपावे. पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला तळव्यात सुई शिरल्याचे कळतही नाही, कळते ते पाय सुजून पू झाल्यावर. अशा माणसाने घरातही चप्पल घालावी आणि रोज रात्री तळवे पाहावेत. शिवण आवरताना जुन्या स्पीकरमधील लोहचुंबक सतरंजीवरून फिरवले, की पडलेल्या टाचण्या गोळा होतात. नातवंडे असतील तर मणी आणि बटणे झाकणाच्या डब्यात ठेवावीत. शोभेच्या दिव्यांत असते तसली बटणासारखी चपटी बॅटरी मुलाने गिळली, तर ओकारी काढण्याच्या खटपटीत न पडता ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. अन्ननलिकेत अडकल्यास ती दोन तासांत आतून भाजते. सुयांची उशी मात्र जुन्या बायका वापरत तशीच ठेवावी, मोजून सुया टोचलेली, म्हणजे एखादी हरवली तर त्याच दिवशी कळते.