थारच्या डॅशबोर्डवर टॅबलेट बसवताना

मुळशी धरणाच्या कडेकडेने ताम्हिणीकडे निघालं, की एखाद्या वळणावर मोबाइलची रेंज जाते आणि नकाशाच्या जागी राखाडी चौकटी उरतात. उपग्रहांचा सिग्नल मात्र तिथेही येत असतो. आपण कुठे आहोत हे कळायला इंटरनेट लागत नाही, ते लागतं नकाशाचं चित्र आणायला. ते चित्र घरूनच उतरवून घेतलं, तर डोंगरातल्या गाडीवाटांवर दहा इंची टॅबलेट फार कामाचा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर साधारणपणे दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा असते. या रेषा कुठे दाटल्या आहेत, म्हणजे पुढचा चढ किती उभा आहे, हे फोनवर डोळे ताणून शोधावं लागतं. टॅबलेटवर ते एका नजरेत कळतं.

२०१० ते २०२० या काळातल्या जुन्या थार गाडीला कंपनीचा स्क्रीन नव्हता. म्हणून तिच्या मालकांना टॅबलेट बसवावासा वाटतो, आणि पुष्कळजण तो डॅशबोर्ड कापून आत कायमचा बसवून घेतात. दिसायला ते छान दिसतं, पण माझं मत स्पष्ट आहे: कापू नका. गाडीत कायमची राहावी ती वायर आणि आधाराची पट्टी. टॅबलेट मात्र एका हाताने निघाला पाहिजे. याचं मुख्य कारण ऊन. आयपॅड ० ते ३५ अंश तापमानात वापरावा आणि ४५ अंशांवर साधा ठेवूही नये, असं खुद्द ॲपलच सांगते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड याच्या कितीतरी पुढे जातो. अशा उष्णतेत लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते, कधी फुगते आणि काच उचलते. गाडी लावली की टॅबलेट काढून पिशवीत घालायचा, एवढी सवय त्याचं आयुष्य वाढवते.

विकत घेताना एक गोष्ट नीट तपासा. फक्त वायफायवर चालणाऱ्या अनेक टॅबलेटमध्ये जीपीएसची चिप नसते. आयपॅडमध्ये ती सेल्युलर मॉडेललाच येते. सिमकार्ड घातलं नाही तरी चालतं, मॉडेल मात्र तेच हवं.

आता जागा. ड्रिल मशीन हातात घेण्याआधी खोक्याचा पुठ्ठा टॅबलेटच्या मापाने कापा आणि चिकटपट्टीने डॅशबोर्डवर लावून बघा. मग सीटवर बसून सगळे गिअर टाका, फोर-बाय-फोरचा लिव्हर मागेपुढे करा, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. काचेतून बॉनेटचा पुढचा कोपरा दिसतो का ते पाहा, कारण दगडांतून गाडी काढताना तोच कोपरा चाकाचा अंदाज देतो. शेजारी बसणाऱ्याचा गुडघा कुठे येतो तेही बघा. २०२० नंतरची थार असेल तर डाव्या बाजूला डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असते. तिच्या झाकणावर आणि ती उघडण्याच्या वाटेत काहीही बसवायचं नाही.

डॅशबोर्डचं प्लास्टिक अर्ध्या किलोचं वजन स्थिर असताना सहज पेलतं. खडबडीत वाटेवर तेच वजन सेकंदाला अनेकदा वरखाली आपटतं आणि स्क्रूच्या भोकाभोवती तडे जातात. म्हणून आतून ३ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी द्यावी, म्हणजे भार पसरतो. शक्य असेल तर ही पट्टी डॅशबोर्डखालच्या लोखंडी आडव्या तुळईला बोल्टने पकडावी. भोक पाडण्याआधी मागे एसीचा डक्ट किंवा वायरिंगचा जुडगा नाही ना, हे हात घालून चाचपून घ्या. बॉल-जॉइंटचा माउंट घेतलात तर त्याचा दांडा सगळ्यात आखूड निवडा. एका टोकाला पकडलेल्या दांड्याची लांबी दुप्पट केली की त्याचा ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो. लांब दांड्यावरचा नकाशा म्हणूनच सतत थरथरतो आणि वाचता येत नाही. बोल्टना साधे नट न लावता थरथरीने सहजी सैल न होणारे नायलॉक नट लावा. लोहचुंबकाचा होल्डर टाळलेलाच बरा. त्याने टॅबलेटमधलं होकायंत्र चुकतं, आणि कव्हर बंद केल्याचा भास होऊन पडदा मध्येच काळा होऊ शकतो.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो विजेला. पडद्याचा उजेड पूर्ण आणि जीपीएस चालू असताना मोठा टॅबलेट ७-८ वॅट सहज खातो. सिगारेट लायटरमधला स्वस्त चार्जर ५ व्होल्टला १ अँपिअर देतो, म्हणजे ५ वॅट. त्यामुळे चार्जिंगला लावूनही बॅटरीचे टक्के उतरत राहतात आणि माणसाला वाटतं टॅबलेट बिघडला. निदान १५ वॅटची सोय हवी.

चार्जर चांगला असूनही वायर घात करते. बारीक तारेच्या दोन मीटर यूएसबी केबलमधून २ अँपिअर नेले, तर जाऊन-येऊन दीड व्होल्टच्या वर वाटेतच हरवू शकतात. निघालेल्या ५ व्होल्टपैकी साडेतीनही पोचत नाहीत, मग टॅबलेट करंट कमी ओढतो. उपाय सोपा आहे. लांबचं अंतर १२ व्होल्टनेच पार करायचं आणि ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर डॅशबोर्डच्या मागे, टॅबलेटजवळ ठेवायचा. १५ वॅटसाठी १२ व्होल्टच्या बाजूला जेमतेम दीड अँपिअर लागतो. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत तेवढ्याने जी घट होते ती मोजण्याजोगीही नसते. कन्व्हर्टर मात्र गाडीसाठी बनवलेला घ्या. इंजिन चालू असताना गाडीत १२ नव्हे, १४ व्होल्टच्या वर दाब असतो. स्टार्टर फिरताना तो १० च्याही खाली येतो, आणि एखादी जोडणी सुटली तर क्षणभर खूप वर उसळतो.

वीज घ्यायची ती फ्यूज बॉक्समधून, चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या जागेवरून. थेट बॅटरीवरून घेतली तर निव्वळ ५० मिलिअँपिअर ओढणारा कन्व्हर्टरही दहा दिवसांत १२ अँपिअर-अवर खाऊन टाकतो. पावसाळ्यात गाडी पंधरवडाभर उभी राहिली, की स्टार्टर फिरेनासा होऊ शकतो. मूळ वायर कापून तिला गाठ मारू नका. फ्यूजच्या खोबणीत बसणारा टॅप मिळतो, तो वापरा. त्यात या नव्या वायरीसाठी ३ अँपिअरचा फ्यूज टाका. हा फ्यूज टॅबलेट वाचवण्यासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. पत्र्याच्या भोकातून गेलेली वायर थरथरीने घासते, वरचं आवरण जातं आणि तांबं बॉडीला टेकतं. मागे शेकडो अँपिअर देणारी बॅटरी असते. फ्यूज नसेल तर वायर लाल होते आणि आग लागते. म्हणून फ्यूज उगमापाशीच, आणि पत्र्यातल्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट. जोड शक्यतो क्रिम्प करून घ्या. नुसता डाग दिला तर तार तिथे कडक होते आणि थरथरीने डागाच्या कडेला तुटते.

टॅबलेट ऑक्स केबलने म्युझिक सिस्टिमला जोडला आणि एक्सलेटर दाबताच स्पीकरमधून बारीक शिट्टी चढत गेली, तर समजा अर्थिंग दोन वेगळ्या ठिकाणांहून आलं आहे. दोघांचं अर्थिंग एकाच बोल्टवर आणा, तरीही राहिली तर ब्लूटूथने जोडा.

नकाशे आदल्या रात्री उतरवा आणि रेंज असतानाच ॲपमध्ये आपली जागा एकदा दिसू द्या. प्रत्येक जीपीएस उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती सेकंदाला ५० बिट इतक्या संथपणे पाठवतो. ती एकदा पूर्ण यायला ३० सेकंद लागतात. रेंज असताना ती इंटरनेटवरून लगेच मिळते. रेंज नसलेल्या खिंडीत, कड्याआड, तीच माहिती तुटक तुटक मिळते आणि बराच वेळ थांबावं लागतं.

कायदाही माहीत असू द्या. गाडी चालवताना हातात धरलेलं उपकरण वापरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यात मोडतं. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार वाट शोधण्यापुरता वापर चालतो, तोही चालकाचं लक्ष ढळणार नाही अशा रीतीने. बोटाने नकाशा सरकवायचा असेल तर ते काम शेजारच्याकडे द्या, किंवा गाडी थांबवा.

सगळं बसलं की लगेच मोठ्या वाटेवर जाऊ नका. जवळच्या एखाद्या दगडी रस्त्यावर तासभर चालवा, मग कन्व्हर्टर आणि फ्यूजच्या टॅपला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर जोड सैल आहे, तो पुन्हा करा. प्रत्येक नट घट्ट करून नटावरून पट्टीपर्यंत नेलपॉलिशची सरळ रेघ ओढा. पुढच्या फेरीनंतर रेघ मोडलेली दिसली, की कुठला नट फिरला ते पाना न लावता कळतं.