लहान इंजिनाचा मोकळा श्वास

इंजिनाचं हेड उतरवून टेबलावर उलटं ठेवलेलं. व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग जागच्या जागी. ज्वलनाच्या एका खळग्यावर ग्रीस लावून पारदर्शक पट्टी बसवलेली आणि तिच्या बारीक भोकातून ब्युरेटनं थेंब थेंब रॉकेल सोडणं चाललेलं. खळगा काठोकाठ भरला की आकडा टिपायचा आणि पुढचा खळगा घ्यायचा. चारही आकडे जुळेपर्यंत सुटका नाही. छोट्या गाडीची ताकद वाढते ती अशा चिकाटीनं.

ब्रिटनची छोटी गाडी मिनी हे या विद्येचं लखलखीत उदाहरण. १९५९ साली ती आली तेव्हा इंजिन होतं ८४८ सीसीचं आणि ताकद ३४ अश्वशक्ती. रेसिंगच्या गाड्या बांधणारे जॉन कूपर यांनी तिच्यातलं पाणी ओळखलं. १९६१ची मिनी कूपर ९९७ सीसीची होती, ताकद ५५. सीसी वाढले सुमारे अठरा टक्के, ताकद मात्र साठ टक्क्यांहून जास्त. हे साधलं कसं?

पहिलं उत्तर श्वासात आहे. पेट्रोल जास्त सोडणं सोपं; ते जाळायला लागणारी हवा आत घेणं अवघड. मिनीच्या चार सिलिंडरांना हवा आत घेणारी दारं दोनच, दोघांत एक. म्हणून कूपरला दोन कार्ब्युरेटर मिळाले, आत घेणारे व्हॉल्व्ह मोठे झाले, कॅमशाफ्ट बदलला. विल्टशायरमधल्या डाउनटन गावी डॅनियल रिचमंड हेडमधले मार्ग घासून-घडवून हवेची वाट सुकर करत. त्यांचा हात असा, की मिनी बनवणाऱ्या कंपनीनंच त्यांचा सल्ला घेतला.

दुसरं उत्तर दाबात. ८४८ सीसी म्हणजे सिलिंडरमागे २१२. हवा-पेट्रोलचं मिश्रण ८.३ पट दाबायचं, तर पिस्टन वर आल्यावर जागा उरते २९ सीसी. नऊ पट दाबायचं, तर साडेसव्वीस. फरक अडीच सीसीचा, म्हणजे चहाचा अर्धा चमचा! हेड किंचित तासलं, की खळगा उथळ होऊन तो साधतो. पण तासणं अति झालं, तर ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपसूक भडकतं, इंजिन ठोकायला लागतं आणि पिस्टनचा घात होतो. ब्युरेटचा तो थेंब मोलाचा आहे तो यासाठी.

शिवाय वाढलेली ताकद सोसायला अंगही हवं. १९६३च्या १०७१ सीसी कूपर एसनं ७० अश्वशक्ती दिली, पण तिची क्रँक खास पोलादाची, वरून कडक केलेली होती. जानेवारी १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्क यांनी याच गाडीनं मोंटे कार्लो रॅली जिंकली.

गाडीची ताकद वाढवू पाहणाऱ्या प्रत्येकानं कूपरची आणखी एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. १९६१मध्ये ५५ अश्वशक्तीचं इंजिन बसवलं, तेव्हाच पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही बसवले. पळायला शिकवणाऱ्यांनी थांबायलाही त्याच दिवशी शिकवलं.