मेंदूची मशागत

“आता कुठलं लक्षात राहायला? चाळिशी आली!” मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्यापैकी किती जणींच्या तोंडी असतं! दूध उतू गेलं, किल्ल्या सापडेनात, की खापर वयावर. एकदा वय झालं की मेंदू झिजायचाच, त्यात नवं काही उगवत नाही, असं आपण धरूनच चालतो.

पूर्वी शास्त्रज्ञही असंच मानत. मज्जासंस्थेचे थोर अभ्यासक सांतियागो रामोन इ काहाल यांनी 1928 मध्ये, प्रौढांच्या मेंदूत मज्जापेशी मरू शकतात पण नव्याने निर्माण होत नाहीत, असं लिहून ठेवलं होतं. 1960 नंतर जोसेफ ऑल्टमन यांना मोठ्या उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी दिसल्या. पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मग 1998 साली एरिक्सन आणि गेज यांनी कर्करोगाने निधन पावलेल्या पाच रुग्णांचे मेंदू तपासले. उपचारांच्या काळात त्यांना नव्या पेशींवर खूण करणारं द्रव्य दिलेलं होतं. ती खूण ‘हिप्पोकॅम्पस’ या भागातल्या पेशींवर सापडली. स्मरणशक्तीचं बरंचसं काम इथेच चालतं.

सगळ्यांचं अजून एकमत नाही, हेही सांगायला हवं. 2013 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी रोज सुमारे 700 नव्या पेशींचा हिशेब मांडला. 2018 मध्ये दुसऱ्या गटाला मोठ्या माणसांत त्या जवळजवळ आढळल्याच नाहीत. 2025 मध्ये स्वीडनच्याच संशोधकांना अशा पेशींना जन्म देणाऱ्या मूळ पेशी प्रौढांच्या मेंदूत सापडल्या. मग आपण काय करायचं?

चाला. चाकावर पळणाऱ्या उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी वाढतात, हे 1999 मध्ये दिसलं. माणसांचं म्हणाल, तर 2011 मधल्या एका अभ्यासात 55 ते 80 वर्षांची 120 माणसं होती. आठवड्यातून तीन दिवस 40 मिनिटं, असं वर्षभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे 2 टक्के वाढला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा थोडा आक्रसला. नव्या पेशी मात्र त्यात मोजल्या नव्हत्या. “दिवसभर पायांवरच तर उभी असते!” असं म्हणाल, पण ओट्याशी उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे. बोलता येईल पण गाणं म्हणताना दम लागेल, इतपत भरभर चालायला हवं.

नवं शिका. उंदरांत असं दिसलं, की नव्या पेशींपैकी बऱ्याचशा काही आठवड्यांतच मरतात. जरा अवघड काही शिकायला लावलं तर त्यांतल्या जास्त टिकतात. रोप लावलं तरी पाणी घालावंच लागतं ना, तसंच हे. तेव्हा पाठ झालेली कामं सोडून डोक्याला ताण देणारं काहीतरी घ्या: शेजारणीकडून कानडी, मोडी लिपी, पेटी, नाहीतर मुलांच्या पुस्तकातलं बीजगणित.

झोपा. अपुरी झोप आणि सततचा ताण यांमुळे या पेशींची वाढ मंदावते, असं प्राण्यांवरचे प्रयोग सांगतात. आपल्या घरांत सगळ्यांच्या शेवटी निजणारी आणि सगळ्यांच्या आधी उठणारी कोण, हे सांगायला नकोच! रात्रीची झाकपाक, सकाळचे डबे यांतलं एखादं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे सोपवा. त्यात संकोच कसला?

पेशी वाढवणाऱ्या टॉनिकच्या जाहिरातींना मात्र भुलू नका. माणसांत तसं सिद्ध झालेलं औषध नाही. आणि विसरणं एकाएकी वाढलं असेल, तर वयाच्या नावावर ढकलू नका. थायरॉइडची किंवा बी-12 ची कमतरताही त्यामागे असते. साध्या रक्ततपासणीत ती कळते, नि उपचारही होतो.

या आठवड्यात एवढंच करा: तीन संध्याकाळी 40 मिनिटं स्वतःसाठी राखून ठेवा, आणि घरात तसं आधीच सांगून टाका. कुकर लावायला दुसरं कुणीतरी शिकेल. तेही त्यांच्या मेंदूला चांगलंच!