मराठीच्या विद्यार्थ्याने लॅपटॉप कसा निवडावा?

कला शाखेच्या मुलाला लॅपटॉप कशाला हवा, असे आता कोणी विचारीत नाही. कोणता घ्यावा, असे मात्र सगळेच विचारतात. आणि दुकानदार जे उत्तर देतो ते बहुधा अभियांत्रिकीच्या किंवा संगणकावर खेळ खेळणाऱ्या मुलाच्या उपयोगाचे असते. आमच्या घरी सोयाबीनचे पैसे आले तेव्हा त्यांतून बियाण्याची उधारी, बहिणीची फी आणि माझा लॅपटॉप असे तिन्ही भागवायचे होते. साहजिकच हजार-हजाराचा हिशेब वडिलांना द्यावा लागला. त्या निमित्ताने जे समजून घेतले ते येथे मांडीत आहे.

आपले काम ते काय? प्रकल्प लिहिणे, पीडीएफ वाचणे, व्याख्याने ऐकणे. त्यासाठी वेगळे ग्राफिक कार्ड घेणे म्हणजे पाण्याच्या गाड्याला शर्यतीचे बैल जुंपणे होय. रॅम मात्र ८ जीबीपेक्षा कमी नसावी. रॅम म्हणजे कामाचे टेबल. ते लहान असले की एक पुस्तक उघडताना दुसरे मिटावे लागते. साठवणीसाठी एसएसडीच घ्यावी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, एसएसडीत फिरणारे काहीच नसते. म्हणून यंत्र लवकर सुरू होते आणि एस. टी.च्या धक्क्यांची भीतीही कमी. २५६ जीबी आपल्याला पुरते.

मी वापरलेला लॅपटॉप घेतला व उरलेल्या पैशांत बहिणीची फी भागली. अशी खरेदी करताना 'आय-फाइव्ह' या अक्षरांवर भाळू नये, पुढचा आकडा वाचावा : ७२०० म्हणजे सातवी पिढी, ८२५० म्हणजे आठवी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा कोअर प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. पैसे मोजण्यापूर्वी अर्धा तास चार्जर काढून यंत्र चालवून पाहावे. दुकानदार चहा मागवील; चहा घ्यावा, पण नजर बॅटरीच्या आकड्यावर ठेवावी.

आता आपल्या खास प्रश्नाकडे वळतो. जुन्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसविलेल्या असत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर अख्खा निबंध इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतो. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे मजकूर कोठेही वाचता येतो आणि शोधताही येतो. टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट शिकावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ते विंडोजमध्ये असतेच, वेगळे विकत घ्यावे लागत नाही. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. 'क'च्याच कळीवर शिफ्ट दाबून 'ख', 'ग'च्या कळीवर 'घ'. म्हणजे वर्णमालेचीच शिस्त. 'दुसऱ्या'मधला र अनेकांना छळतो. शिफ्ट आणि जे दाबून ऱ, मग डी दाबून हलन्त, मग य, झाले! पंधरा दिवस बोटे अडखळतात, पुढे आपोआप चालतात.

इंटरनेटसाठी घरी वेगळी जोडणी हवीच असे नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो; केबलने जोडल्यास फोनची बॅटरीही उतरत नाही. विंडोजमध्ये त्या जोडणीला 'मीटर्ड' अशी खूण करावी, नाहीतर तुमचा दिवसाचा डेटा ते आपल्याच सुधारणांवर खर्चून टाकील.

आणि जोडणी झाल्यावर? मराठी विश्वकोश तेथे विनामूल्य आहे. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द घालून शोधता येतो. 'शोधगंगा'वर देशभरातील प्रबंध वाचावयास मिळतात. 'एन-लिस्ट' योजनेत महाविद्यालय सदस्य असेल तर विद्यार्थ्यालाही नियतकालिके व ग्रंथ घरबसल्या उघडता येतात. त्याचे खाते कसे मिळते ते ग्रंथपालांना विचारावे.