घर सोडले, पण बिल सुटले नाही

भाड्याचे घर सोडताना संसारी माणसाच्या जिवाची किती ओढाताण होते, हे ज्याने ट्रंका, भांडी आणि गाद्या टेंपोत चढविल्या आहेत त्यासच ठाऊक. एकदाची चावी मालकाच्या हाती दिली, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा निरोप घेतला, म्हणजे आपण मोकळे झालो असे वाटते. परंतु दीड-दोन महिने लोटतात आणि एके दिवशी जुन्या मालकाचा निरोप येतो : "अहो, विजेचे बिल आले आहे. तुमच्या वेळचेच आहे. सात हजार." ज्या घरात दरमहा तीनशे-चारशे रुपयांवर बिल कधी गेले नाही, त्या घराचे हे बिल! आणि मालकाकडे ठेवलेली अनामत रक्कम तर अद्याप परत यावयाची असते.

आमच्या पेडणे व डिचोली तालुक्यांत हा प्रसंग पूर्वी विरळा होता. भाड्याच्या घरात राहावयाचे ते बदलीवर आलेल्या शिक्षकाने किंवा पोस्टमास्तराने. बाकीचे लोक जन्मले त्याच छपराखाली म्हातारे होत. खाणींनी डिचोलीत परगावची माणसे आणली, आणि २०१२ साली व पुन्हा २०१८ साली त्या बंद पडल्या तेव्हा कित्येक कुटुंबांस बिऱ्हाडे हलवावी लागली. पेडण्यात मोप्याच्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले व ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने सुटू लागली. तेव्हापासून नोकरीसाठी आलेल्या तरुणांस खोल्या देणारी घरे गावोगाव दिसू लागली आहेत. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. वर्षाच्या आतच घर बदलावयाचे, म्हणजे ह्या शेवटच्या बिलाची गाठ वारंवार पडावयाचीच.

भांडणास उभे राहण्यापूर्वी बिल वाचावयास शिकले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपण बहुतेक जण बिलाच्या खालच्या कोपऱ्यातील रक्कम तेवढी पाहतो, आणि खरी गोष्ट तर वरच्या चार आकड्यांत असते. मागील वाचन, चालू वाचन, त्या दोहोंच्या तारखा, आणि वाचन प्रत्यक्ष घेतले की सरासरीने धरले, हे प्रथम पाहावे. त्याच्याच शेजारी 'मागील बाकी' म्हणून एक रकाना असतो. पुष्कळदा आपल्या आधीच्या भाडेकरूने न भरलेले पैसे तेथे मुकाट्याने बसलेले आढळतात.

सरासरीचे प्रकरण थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण निम्मी भानगड तेथेच असते. मीटर बंद दाराआड असला, वाचन घेणारा आला तेव्हा घरात कोणी नसले, म्हणजे मागच्या महिन्यांवरून अंदाजे बिल काढले जाते. पुढे केव्हातरी खरे वाचन होते, आणि मधल्या साऱ्या महिन्यांतील फरक एकदम अंगावर येतो. २०२० च्या टाळेबंदीत हे सबंध महाराष्ट्राने अनुभवले. मार्चच्या अखेरीपासून मीटर वाचणे थांबले. महावितरणने हिवाळ्यातील कमी वापराच्या सरासरीवर बिले धाडली. लोक उन्हाळाभर घरात कोंडून पंखे फिरवीत बसले, आणि जून महिन्यात खरे वाचन झाल्यावर आलेली बिले पाहून थोरामोठ्यांनीही आरडाओरडा केला.

येथे एक सूक्ष्म हिशेब आहे. गोव्यातील अलीकडच्या दरपत्रकांत घरगुती विजेचा दर शंभर-शंभर युनिटांच्या पायऱ्यांनी चढत जातो व चारशेच्या वर शेवटची पायरी असते. केवळ समजण्यासाठी ह्या पाच पायऱ्यांचे दर २, ३, ४, ५ व ६ रुपये धरू. (खरे दर ह्याहून निराळे असतात व संयुक्त वीज नियामक आयोगाच्या आदेशाने वेळोवेळी बदलतात.) दरमहा १२० युनिटे वापरणाऱ्या घराचे महिन्याचे बिल २६० रुपये, म्हणजे चार महिन्यांचे १०४० रुपये झाले. तीच ४८० युनिटे जर एका महिन्यात खर्ची पडली असे धरले, तर बिल १८८० रुपये होते. वीज तेवढीच, दिवे तेच, माणसेही तीच. केवळ महिने विसरल्याने ८४० रुपये जास्त. म्हणून अनेक महिन्यांचे वाचन एकत्र आले असल्यास पायऱ्या त्या त्या महिन्यांत वाटून दिल्या आहेत की नाहीत, हे कागद-पेन्सिल घेऊन तपासावे. शाळेत जाणाऱ्या मुलासही हे गणित जमते.

वाचनच चुकीचे असल्याचीही उदाहरणे असतात. मीटरवरील दशांश चिन्हापुढचा आकडा पूर्णांकात मोजला गेला, तर वापर दसपट दिसतो. मीटर बदलला असेल तर जुन्याचे अखेरचे व नव्याचे पहिले वाचन नीट नोंदले गेले का, ते पाहावे लागते. कधी मीटर ठीक असतो, पण घरातील जुनी तार पावसाळ्यात ओल्या भिंतीतून वीज गळू देते. त्याची परीक्षा साधी आहे. घरातील सर्व बटणे बंद करावीत, पण मुख्य स्विच चालू ठेवावा, आणि मीटरवरील बारीक तांबडा दिवा पाहत उभे राहावे. तो लुकलुकत राहिला तर कोठेतरी वीज जात आहे. मग मुख्य स्विचही बंद करावा. तरीही लुकलुक थांबली नाही, तर मीटरविषयी किंवा त्या तारेवर दुसऱ्या कोणी जोड घेतला आहे काय याविषयी शंका घेण्यास जागा आहे. मीटरवर ३२०० असा आकडा कोरलेला असल्यास तितक्या वेळा दिवा लुकलुकला म्हणजे एक युनिट, असा त्याचा अर्थ.

घर सोडून गेलेल्या भाडेकरूस मात्र ही परीक्षा करता येत नाही, आणि त्याची खरी अडचण हीच आहे. तो गेल्यावर त्या घरात काय झाले? मालकाने रंगारी व सुतार लावले काय? विहिरीवरचा पंप कुळागरासाठी रात्रंदिवस चालला काय? दोन हजार वॉटचा पाणी तापविण्याचा बंब अर्धा तास चालला की एक युनिट होते. नवा बिऱ्हाडकरू दोन आठवडे आधीच येऊन राहिला असेल, तर त्याची आंघोळही जुन्याच्या माथी बसते. मीटरला माणसे ओळखता येत नाहीत. त्याला फक्त आकडा ठाऊक. म्हणून घर सोडण्याच्या दिवशी मीटरवर कोणता आकडा होता, ह्या एका प्रश्नावर सारा वाद उभा राहतो किंवा कोसळतो.

कायद्याने ह्याची सोय करून ठेवली आहे, आणि ती फार थोड्यांस माहीत आहे. केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० रोजी वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम प्रसिद्ध केले. त्यांत असे आहे की, जागा रिकामी होताना किंवा राहणारा बदलताना खास वाचन करून घेण्याची जबाबदारी मालकाची अथवा ग्राहकाची आहे. तशी मागणी आली म्हणजे वीज पुरविणाऱ्याने वाचन घेऊन, मागील बाकीसह, अंतिम बिल जागा सुटण्यापूर्वी किमान सात दिवस द्यावयाचे. आणि ते एकदा भरले की त्या तारखेपूर्वीच्या काळासाठी आणखी काही मागावयाचे नाही. आमच्याकडे वीज पुरविते ते १९६३ साली स्थापन झालेले गोवा सरकारचे वीज खाते. तेव्हा घर सोडण्यापूर्वी तीन आठवडे मालकाची सही घेऊन पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या वीज कार्यालयात एक अर्ज द्यावा, एवढेच काम आहे. ते न जमले तरी चावी देतेवेळी मोबाइलवर मीटरचे छायाचित्र घ्यावे, आकडा व तारीख कागदावर लिहावी आणि खाली दोघांनी सह्या कराव्यात. यात अविश्वास नाही. लग्नाच्या जेवणाचाही आपण हिशेब लिहून ठेवतोच की!

पण आकडा लिहून ठेवला नाही आणि बिल येऊन ठेपले, तर? तरीही हात टेकू नयेत. राहत होतो त्या काळातील सहा-आठ बिले मालकाकडून मागून घ्यावीत, किंवा बिलावरील ग्राहक क्रमांक घालून पूर्वीची माहिती काढावी. दरमहा सरासरी किती युनिटे गेली ते मांडावे. मग वीज कार्यालयास लेखी तक्रार द्यावी. तीत वाचनाच्या तारखा, आपण घर सोडल्याची तारीख, पूर्वीची सरासरी व वादातील आकडा, एवढेच असावे. रागाची वाक्ये नसावीत. मराठीत लिहिण्यास संकोच नको. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीस राजभाषेचे पद देताना सरकारी कामकाजात मराठीच्या वापरासही स्थान ठेवले आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्यावाचून कार्यालयाची पायरी उतरू नये. १९१२ ह्या क्रमांकावर दूरध्वनीने तक्रार नोंदविता येते, पण कागदाची सर त्यास नाही.

तक्रार चालू असता वीज तोडतील, ह्या भीतीने कित्येक जण निमूटपणे पैसे भरतात. वीज कायदा, २००३ याच्या ५६ व्या कलमात पंधरा दिवसांच्या लेखी नोटिशीवाचून वीज तोडता येत नाही असे सांगितले आहे. शिवाय, मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती आपला विरोध नोंदवून भरल्यास वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. 'विरोध नोंदवून' हे शब्द भरण्याच्या अर्जावर स्वच्छ लिहावेत. सात हजारांच्या जागी चारशे भरून वाद चालविता येणे ही गरीब कुटुंबास लहान गोष्ट नव्हे.

फार जुन्या बाकीविषयीही हेच कलम दोन वर्षांची मर्यादा सांगते. राजस्थानातील एका ग्राहकास २००९ ते २०११ ह्या काळातील चुकीच्या आकारणीबद्दल मार्च २०१४ मध्ये २९,६४२ रुपयांची जादा मागणी आली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये निकाल लागला की, चूक नंतर उघडकीस आली असल्यास पैसे मागता येतात, परंतु त्यासाठी वीज तोडण्याचे हत्यार उपसता येत नाही. अर्थात, दोन वर्षे गेली म्हणजे देणे बुडाले असे कोणी समजू नये.

मालकाची बाजूही समजून घेतली पाहिजे, नाहीतर आमचे लिहिणे एकांगी होईल. बिलावर नाव त्याचे. भाडेकरू पुण्यास निघून गेला तर खाते त्याच्यामागे धावत नाही. घराची वीज तोडते. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३ रोजी के. सी. नायनन विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ ह्या प्रकरणात असे ठरविले की, जुनी बाकी आपोआप जागेवरील बोजा होत नाही, पण नियमांत तशी तरतूद असेल तर त्या जागेस पुन्हा वीज देताना ती मागता येते. तेव्हा मालक अनामत धरून बसतो ती पुष्कळदा लोभाने नव्हे, धास्तीने. मात्र बिल पाहावयास न देता रक्कम कापून घेणे, किंवा खोलीस स्वतःचा खासगी उपमीटर लावून सरकारी दराहून कितीतरी जास्त पैसे युनिटमागे घेणे, ह्यास आम्ही धास्ती म्हणणार नाही. उपमीटराचा वाद खात्याकडे नेता येत नाही, तो मालकाशीच मिटवावा लागतो. म्हणून घर घेतानाच दर लिहून घेतलेला बरा.

मीटरविषयी शंका असल्यास त्याची तपासणी मागता येते. २०२४ च्या फेब्रुवारीत झालेल्या दुरुस्तीनुसार वाचन वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यावर पाच दिवसांच्या आत जोडीला दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने पडताळा घ्यावा लागतो. गेलेल्या भाडेकरूस ह्याचा उपयोग बेताचाच, कारण पडताळा होणार तो नव्या माणसाच्या वापराचा. पण मीटर पळतो असे त्यातून सिद्ध झाले, तर जुन्या बिलाविरुद्धही ते बळकट कारण होते. म्हणून येथे मालक व जुना भाडेकरू यांनी एकमेकांवर दात खाण्यापेक्षा एकाच अर्जावर सह्या करणे दोघांच्याही हिताचे आहे.

स्थानिक कार्यालयाने दाद दिली नाही तर वीज ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. गोव्यातील मंचाचे काम वास्कोच्या विद्युत भवनातून चालत आले आहे. तेथे वकील देण्याची सक्ती नाही. मंचाच्या निर्णयाने समाधान न झाल्यास त्यावर विद्युत लोकपाल आहे. कायद्यातील 'ग्राहक' ह्या शब्दाच्या व्याख्येत केवळ बिलावरचे नाव नाही. स्वतःच्या वापरासाठी ज्यास वीज पुरविली जाते तोही त्यात येतो. तरीसुद्धा मालकाचे संमतिपत्र जोडलेले असावे, म्हणजे पहिल्याच दिवशी 'तुम्ही कोण?' हा प्रश्न उठत नाही.

राहता राहिला अनामतीचा प्रश्न. मंच तो सोडवीत नाही, कारण तो दोन माणसांमधील व्यवहार आहे. त्यासाठी करारपत्र, भाड्याच्या पावत्या व बिलाचा आपण मांडलेला हिशेब घेऊन तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रियांस तेथे उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. दोन्ही पक्ष तयार असल्यास प्रकरण लोक अदालतीपुढे ठेवता येते. तेथे न्यायालयीन शुल्क पडत नाही, आणि जी तडजोड होईल ती दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असून तिच्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी आकडा पुन्हा एकदा वाचून घ्यावा.